झरोक्यापासून शाहबुर्जापर्यंत : शहाजहानचा एक दिवस

आग्र्याच्या किल्ल्यात वेळ पाण्यावर मोजली जाई. तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं पाण्यात सोडायचं. ते भरून बुडालं की एक घटका झाली, आणि मग घड्याळवाल्यानं टांगलेल्या जाड थाळीवर टोला द्यायचा. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला मांडत ते घटिकापात्र हेच. दिवस आणि रात्र मिळून घटका साठ, प्रहर आठ. बाबराला हिंदुस्थानातल्या फार थोड्या गोष्टी आवडल्या, पण ही पद्धत त्यानं आपल्या आत्मचरित्रात बारकाईनं नोंदवली आणि तिच्यात एक सुधारणाही केली. रात्री मध्येच जाग आली तर नुसत्या घटकेच्या टोल्यांवरून कितवा प्रहर चालू आहे ते कळत नसे. म्हणून घटकेचे टोले झाले की थोडं थांबून प्रहराचेही टोले द्यावेत, असा त्यानं हुकूम काढला.

बाबराचा खापरपणतू शहाजहान याच टोल्यांवर जगला. त्याचा दिवस कसा जाई, हे दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानं ‘पादशाहनाम्या’त लिहून ठेवलं आहे. प्रहर-घटकांचं ते वेळापत्रक जदुनाथ सरकारांनी आजच्या घड्याळात बसवलं, आणि इथल्या वेळा त्यांच्याच हिशेबाच्या आहेत. आपण दिवस घेऊ तो १६३० च्या दशकाच्या उत्तरार्धातला, आग्र्याचा. मुमताजमहल जाऊन काही वर्षं झाली आहेत, यमुनेच्या वळणावर तिच्या कबरीचं काम चालू आहे, मयूरासन तयार होऊन दरबारात आलं आहे.

मुघल दरबार म्हटलं की आपल्यासमोर रत्नं, अत्तरं आणि जनानखाना येतो. ते सगळं होतंच. पण हे वेळापत्रक वाचताना माझ्या मनात ठसतं ते वेगळंच. या अफाट राज्यात सर्वांत घट्ट बांधलेला माणूस बादशहाच होता. त्याचं देहानं हजर असणं हेच राज्ययंत्राचं मुख्य चाक होतं.

पहाटे चार

सूर्योदयाच्या दोनेक तास आधी शहाजहान उठे. वजू करून राजवाड्यातल्या मशिदीत जाई, नमाजाची वेळ होईपर्यंत किब्ल्याकडे तोंड करून बसे, नमाज झाल्यावर जपमाळ ओढी. दिवसाचा एवढाच भाग त्याचा स्वतःचा.

सूर्योदय : झरोका

सूर्य उगवला की बादशहा किल्ल्याच्या पूर्वेकडच्या तटातल्या झरोक्यात येऊन उभा राही. खाली यमुनेच्या वाळवंटात माणसं जमलेली असत. प्रथा अकबरानं सुरू केली आणि तिचं नावही सरळ ‘झरोका-ए-दर्शन’. देवळातला शब्द बादशाही तटावर जाऊन बसला, यात अकबराची सगळी राजनीती आली. बादशहाचं तोंड पाहिल्याशिवाय अन्नाला न शिवणारे लोक होते. त्यांना ‘दर्शनिये’ म्हणत.

इथे द्वारपाल नव्हता, चोपदार नव्हता. गाऱ्हाणं असलेला माणूस वाळवंटातून थेट अर्ज पुढे करू शके. जहांगीरनं तर गादीवर येताच आग्र्याच्या शाहबुर्जापासून नदीकाठच्या दगडी खांबापर्यंत सोन्याची साखळी बांधवली होती. तीस गज लांब, तिला साठ घंटा. ज्याला अधिकाऱ्यांकडून न्याय मिळाला नाही त्यानं ती ओढावी. ती प्रत्यक्षात किती जणांनी ओढली हा प्रश्न मनात येतोच. पण एका राजाला ती टांगावीशी वाटली, आणि स्वतःच्या हातानं लिहिलेल्या चरित्रात हा आपला पहिला हुकूम म्हणून नोंदवावीशी वाटली, हेही मी महत्त्वाचं मानतो.

दर्शन झालं की त्याच वाळवंटात फौजेचे हत्ती-घोडे फिरवून दाखवत, घोडेस्वारांच्या अंगावर जायला हत्तींना शिकवत. साठमारी होई तीही इथेच. हत्ती झुंजवण्याचा मान फक्त बादशहाचा. दोन हत्तींच्या मध्ये मातीची बुटकी भिंत घालत. ती ढासळवत ते एकमेकांना भिडत. पुढे औरंगजेबाच्या काळात फ्रेंच वैद्य बर्नियेनं दिल्लीला हा खेळ पाहिला. त्यानं लिहिलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. झुंजीच्या दिवशी माहूत घरून निघताना बायकोमुलांचा असा निरोप घेत, जणू त्यांना मृत्युदंडच झाला आहे. वाचला तर पगार वाढे आणि हत्तीवरून उतरताच पैशांची पिशवी मिळे. मेला तर बायकोला तनखा, मुलाला बापाची नोकरी.

अशाच एका झुंजीत, मे १६३३ मध्ये, सुधाकर नावाचा हत्ती उधळून शहजाद्यांच्या रोखानं आला. चौदा वर्षांचा औरंगजेब घोड्यावर होता. तो हलला नाही. त्यानं हत्तीच्या कपाळावर भाला फेकला, हत्तीनं घोडा लोळवला, तेव्हा उडी टाकून तलवार उपसून तो उभा राहिला. भाऊ शुजा आणि राजा जयसिंग मदतीला धावले, आणि प्रतिस्पर्धी हत्तीही चालून आल्यावर सुधाकर पळाला. पुढे ज्याच्याशी महाराष्ट्राची गाठ पडली तो माणूस पोरवयात कसा होता, हे या प्रसंगात दिसतं.

झरोक्याला सुट्टी नसे. जहांगीरच्या काळात इंग्रज वकील सर टॉमस रो अजमेरला होता. त्यानं या बंधनाचं मर्म अचूक पकडलं. प्रजा बादशहाची गुलाम, पण बादशहाही तितकाच त्यांना बांधलेला, असा त्याच्या लिहिण्याचा भाव आहे. एक दिवस तो दिसला नाही आणि त्याचं कारण कळलं नाही, तर लोक बंड करतील. दोन दिवस दिसला नाही, तर कुठलंच कारण चालणार नाही, दारं उघडून कुणाला तरी आत घेऊन त्याला दाखवावंच लागेल.

हे शहाजहानच्याच वाट्याला आलं. ६ सप्टेंबर १६५७ रोजी दिल्लीत त्याची लघवी तुंबली, पाय सुजले, ताप चढला. आठवडाभर झरोका रिकामा. बाजार बंद झाले, शहरात गडबड उडाली. १४ तारखेला तो कसाबसा खिडकीशी येऊन लोकांना दिसला, पण तोवर बादशहा मेल्याची बातमी सुभ्यांच्या वाटेला लागली होती. बंगालमध्ये शुजानं स्वतःच्या नावे राज्याभिषेक करवला, डिसेंबरात अहमदाबादेत धाकट्या मुलानं, मुरादनं, तेच केलं, दख्खनमधून औरंगजेब निघाला. वारसाहक्काचं युद्ध कधीतरी होणारच होतं, हे खरं. त्याला तोंड मात्र त्या आठवड्यानं फोडलं.

पावणेआठ : दिवाण-ए-आम

पूर्वी इथे कापडी मांडव असे. ऊन-पावसात उभ्या असलेल्या दरबाऱ्यांसाठी खांबांचं दालन शहाजहाननं बांधवलं. भिंतीतल्या उंच संगमरवरी झरोक्यात बादशहा बसे. डाव्या-उजव्या हाताला शहजादे. तेही उभे, बसायचं ते सांगितल्यावर. समोर चांदीचा कठडा, त्यापलीकडे लाल रंगाचा लाकडी कठडा, आणि प्रत्येकाची जागा मनसबीप्रमाणे, म्हणजे दर्जाप्रमाणे, ठरलेली. बोलायचं नाही, जागा सोडायची नाही.

या उभं राहण्याच्या जागेचं मोल मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. १२ मे १६६६ रोजी याच किल्ल्यात, औरंगजेबाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या दरबारात, शिवाजी महाराजांना पाच हजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं गेलं. ती मनसब तर संभाजीराजांना लहान वयातच मिळालेली होती. महाराज संतापले, पाठ फिरवून रांगेतून बाहेर पडले. हा प्रसंग आपण महाराजांच्या मानी स्वभावाच्या अंगानं सांगतो, आणि तो खराच आहे. पण दरबारातला एकूण एक माणूस त्या क्षणी काय समजला असेल, हे कळायला कठड्यांची आणि रांगांची ही व्यवस्था ठाऊक हवी. इथे माणसाची किंमत शब्दांत सांगत नसत. तो तख्तापासून किती पावलांवर उभा आहे, त्यावरून ती दिसे.

मुजऱ्याचेही प्रकार होते. कुर्निसात करताना उजवा तळहात कपाळाला लावून मान लववायची. तसलीम करताना उजव्या हाताची पाठ जमिनीला टेकवायची, मग सावकाश उठत सरळ उभं राहून तळहात डोक्यावर ठेवायचा. अकबरानं सुरू केलेला सिजदा, म्हणजे प्रत्यक्ष साष्टांग, शहाजहाननं गादीवर येताच बंद केला. असा नमस्कार ईश्वरालाच, हे त्याचं कारण. त्याच्या जागी जमिनीचं चुंबन घेण्याची पद्धत आली. तीही सिजद्याच्या फार जवळची वाटल्यानं दहाव्या वर्षी काढून टाकली आणि चार तसलिमी ठरवल्या.

मग काम सुरू होई, आणि ते रुक्ष काम होतं. बक्षी मनसबदारांचे अर्ज मांडे, बढत्या इथेच जाहीर होत, नव्यानं नेमलेल्याला खिलत मिळे. तोफखान्याचा मीर आतिश आपल्या माणसांना हजर करी. दानधर्माचा अधिकारी सदर गरीब विद्वानांची आणि फकिरांची गरज कानावर घाली. सुभेदारांची पत्रं येत, त्यांतली काही बादशहा स्वतः वाचे. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पागेतले घोडे आणि पिलखान्यातले हत्ती फिरवले जात. जनावर रोड दिसलं तर त्याच्या नावे मिळणाऱ्या खर्चात कपात होई. दाणावैरणीचा पैसा कुठे मुरतो, हे सर्वांदेखत जनावराच्या बरगड्यांवरून मोजायची ही रीत मला फार आवडते.

हे सगळं जवळपास दोन तास.

पावणेदहा : घुसलखाना

दिवाण-ए-खासला दरबारात घुसलखाना म्हणत, कारण अकबराच्या काळी ही खासगी बैठक त्याच्या न्हाणीघराला लागून भरे. इथे मोजकी माणसं. काही पत्रांना बादशहा स्वतःच्या हातानं उत्तर लिही, बाकीच्यांचा मजकूर सांगे. वजीर मसुदा करी, बादशहा तो वाचून चुका सुधारी. मग फर्मान जनानखान्यात जाई, कारण शाही मोहोर तिथे होती. आधी ती मुमताजमहलकडे असे. १६३१ मध्ये मुमताज गेल्यावर मोहोर थोरल्या मुलीकडे, जहांआराकडे आली. जहांआरा तेव्हा सतरा वर्षांची. दरबारात सगळे पुरुष, पण शेवटचा शिक्का पडद्याआड. जनानखान्याचं हे रूप आपल्या सिनेमांनी कधी दाखवलं नाही.

मग कारागीर येत. जवाहिरे, मीनाकाम करणारे, आणि बांधकामांचे नकाशे घेऊन आलेले उस्ताद. इथे शहाजहान रमे. नकाशावर तो स्वतः लेखणीनं दुरुस्त्या करी आणि आसफखान त्या दुरुस्त्यांचा अर्थ खाली लिहून मिस्त्र्यांकडे पाठवी. हा आसफखान मुमताजचा बाप. आपल्या मुलीच्या कबरीच्या कागदांवरही त्याला कधी असं लिहावं लागलं असेल, हा विचार मला टाळता येत नाही. मुमताज बुऱ्हाणपुरात, चौदाव्या बाळंतपणात गेली. तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत तिला तात्पुरतं पुरलं, आणि सहा महिन्यांनी देह आग्र्याला आणला.

दिल्लीचा दिवाण-ए-खास यानंतरचा, १६४८ चा. त्याचं चांदीचं छत पानिपतापूर्वी, १७६० मध्ये, फौजेच्या खर्चासाठी सदाशिवरावभाऊंनी काढून वितळवलं.

साडेअकरा : शाहबुर्ज

किल्ल्यातल्या या बुरुजात सर्वांत गुप्त बैठक. इथे शहजादे आणि तीन-चार अधिकारी. ज्याचं काम झालं त्यानं लगेच बाहेर पडायचं. सुभ्यांना जाणारे गुप्त हुकूम, जहागिरीचे आणि पगाराचे जाहीर न करायचे निर्णय इथले. पाऊण-एक तास.

दुपार

बाराच्या सुमारास बादशहा महालात जाई. नमाज, जेवण, तासभर झोप.

जेवणाची व्यवस्था अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल यानं त्या काळची लिहून ठेवली आहे. मुदपाकखान्यात आधी आचारी चाखे, मग तिथला प्रमुख मीर बकावल. सोन्या-चांदीची ताटं लाल कापडात बांधत, तांब्याची आणि चिनी मातीची पांढऱ्या कापडात. गाठीवर मीर बकावलची मोहोर, सोबत पदार्थांची यादी, आणि पुढेमागे चोपदार. पाणी गंगेचं, मोहोरबंद घागरींतून आणलेलं, सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून गार केलेलं. इतकी मोहोर आणि इतका पहारा एका माणसाच्या घासामागे असे, याचा अर्थ त्या घासाची भीतीही तेवढीच होती.

झोपेनंतरही काम संपत नसे. सतीउन्निसा नावाची बाई मुमताजच्या वेळेपासून महालात होती. शिकलेली, कवी तालिब आमुलीची बहीण, जहांआराची शिक्षिका. बुऱ्हाणपूरहून मुमताजचा देह घेऊन जाणाऱ्यांत तीही होती. विधवा, अनाथ, लग्नाला पैसा नसलेल्या मुली, पंडित-मौलवींची निराधार घरं यांची गाऱ्हाणी ती बेगमेच्या, म्हणजे आता जहांआराच्या, कानावर घाली, आणि बेगम बादशहाच्या. कुणाला जमीन मिळे, कुणाला रोख, कुणाला लग्नाचे दागिने. रोज बरीच मोठी रक्कम अशी जाई, असं लाहोरी लिहितो.

इथे मी अडतो. या दानावर माझा अविश्वास नाही. पण दानाचा हात किती लांब पोचतो याचा हिशेब मराठी माणसानं तरी मांडायला हवा. १६३० च्या दुष्काळात गुजरात आणि दख्खन ओस पडले. बादशहा तेव्हा आपल्या उंबऱ्याशी, बुऱ्हाणपुरात होता, निजामशाहीविरुद्धच्या मोहिमेसाठी, आणि ती प्रचंड फौज याच मुलखातल्या धान्यावर जगत होती. लाहोरीनं त्या दुष्काळाचं भयंकर वर्णन लपवलेलं नाही. बुऱ्हाणपुरात लंगर उघडले, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, वीस आठवड्यांत एक लाख. सारामाफीही दिली. त्यानंतर चार-पाच वर्षांनी, १६३५ च्या नौरोजाला शहाजहान ज्या मयूरासनावर बसला, त्याचा खर्च एक कोटी. याच दुष्काळात देहूला तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली. देहूचा माणूस कुठल्या झरोक्याखाली उभा राहणार होता? सतीउन्निसेच्या कानापर्यंत आग्र्यातली विधवा पोचे. इंद्रायणीकाठची पोचणार नव्हती.

तिसरा प्रहर ते रात्र

अस्रची नमाज झाली की कधी पुन्हा दिवाण-ए-आम. रात्रीच्या पहाऱ्याची माणसं येऊन मुजरा करत आणि शाही निशाणं-हत्यारं ताब्यात घेत. संध्याकाळी दिवाण-ए-खासमध्ये मेणबत्त्या लागत, राहिलेलं काम पुरं होई आणि मग गाणं. शहाजहानला गाण्याची जाण होती, स्वतःही गाई. तानसेनाच्या घराण्यातला जावई लालखान धृपदिया याला त्यानं ‘गुणसमुद्र’ हा किताब दिला. ज्या जगन्नाथाला आपण विद्याधर गोखल्यांच्या संगीत नाटकामुळे ओळखतो, त्या संस्कृत कवीला ‘पंडितराज’ ही पदवीही याच दरबारची.

रात्री आठला शेवटची नमाज. वजीर-बक्षींचं काही राहिलं असेल तर पुन्हा शाहबुर्ज, कारण आजचं उद्यावर टाकायचं नाही असा नियम होता. मग महालात स्त्रियांचं गाणं. दहाला अंथरुणावर पडल्यावर पडद्यापलीकडून वाचक पुस्तकं वाचत. प्रवासवर्णनं, संतांची आणि पैगंबरांची चरित्रं, जुन्या राजांचे इतिहास. तैमूरचं चरित्र आणि बाबराच्या आठवणी विशेष आवडीच्या.

शुक्रवारी दरबार नसे. बुधवार न्यायाचा. त्या दिवशी दिवाण-ए-आम भरत नसे, झरोक्यातून बादशहा थेट दिवाण-ए-खासला येई. काझी, मुफ्ती आणि विद्वान तिथे असत. एकेक फिर्यादी समोर आणला जाई, बादशहा स्वतः विचारपूस करी, धर्मशास्त्र मुफ्तींना विचारी आणि निकाल देई. दूरच्या सुभ्यातल्या घटनेची चौकशी आग्र्यात बसून होत नसे. ती सुभेदाराकडे जाई, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार असे तो कित्येकदा त्या सुभेदाराचाच माणूस असे.

लाहोरी दरबारचा नोकर होता. बादशहा थकला, कंटाळला, चिडला असं तो लिहिणार नाही. तरी या वेळापत्रकाचा सांगाडा खरा मानायला मला अडचण वाटत नाही, कारण तो पुढच्या बादशहाकडेही टिकलेला दिसतो, आणि तो पाहणारे परके होते. औरंगजेबानं १६६८ मध्ये झरोकादर्शन बंद केलं. माणसानं माणसाचं दर्शन घेणं त्याच्या धर्मबुद्धीला पटेना. त्याच सुमारास त्यानं दरबारातलं गाणंही थांबवलं. दिवाण मात्र सोडला नाही. १६८१ मध्ये तो दख्खनमध्ये उतरला तो परत गेलाच नाही. भीमेकाठी ब्रह्मपुरीला त्याची छावणी चार वर्षं होती. तिथेही कनाती, कठडे, रांगा आणि अर्ज होतेच, फक्त दगडाच्या जागी कापड.

१६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगल्याच्या छावणीत जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशानं त्याला पाहिलं. ठेंगणा, वयानं वाकलेला, पांढऱ्या मलमलीच्या अंगरख्यातला, काठीला टेकून चालणारा म्हातारा. तो अर्ज घेत होता, चष्म्याशिवाय वाचत होता, स्वतःच्या हातानं त्यांवर शेरे लिहीत होता, आणि कारेरीला त्याच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. त्या वेळी राजाराम महाराज जिंजीत होते, संताजी-धनाजी औरंगजेबाच्या फौजा तोडत होते, आणि उत्तरेतून निघून त्याला चौदा वर्षं होत आली होती.